कोतवालाने ठेवलेली तान

रानात पाखरांची शाळा भरायची, तेव्हाची ही गोष्ट. कोतवाल पक्षी प्रत्येकाचं गाणं गळ्यात साठवायचा आणि मागेल त्या पिलाला शिकवायचा. काय गळा म्हणावा त्याचा! गाणाऱ्या दयाळ पक्ष्याला मात्र राग यायचा.

“माझी तान चोरतोस?”

“चोरत नाही, दयाळराव. ठेवून घेतो.”

उन्हाळ्यात वणवा लागला. पिलांना वाचवताना दयाळ गेला. पिलं मोठी झाली, पण त्यांना गाता येईना. कोतवालाने त्यांना बापाची तान शिकवली, तो शेवटी घ्यायचा त्या गिरकीसकट. ती ऐकून त्यांची आई धावत बाहेर आली. तिला वाटलं, धनी परतले.

पुढच्या वसंतात थोरलं पिलू कोतवालाकडे आलं.

“काका, ही माझी नवी तान. ठेवून घ्या.”