चंद्री हलेना

"पण माझ्या शब्दांत खोट काय आहे, तेवढं तरी सांगाल का?"

हेमांगी सबनीसने हे तिसऱ्यांदा विचारलं. नलूताई ओसरीवर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं आणि पुढची काडी उचलली.

ही हेमांगी म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हे बरं का. कॉलेजात मराठी शिकवायची आणि पोरं तिची वाक्यं वहीत उतरवून घ्यायची. लहान मुलांची चित्रपुस्तकंच लिहायची, असं एकदा डोक्यात बसलं आणि बाईंनी वर्षभराची बिनपगारी रजा टाकली. वर्ष सरत आलं. पुस्तक झालं एकच, तेही प्रकाशकाने तीनदा परत पाठवलं. आता सोमवारी कामावर हजर व्हायचं की राजीनामा द्यायचा, हे उद्या प्राचार्यांना कळवायचं होतं. म्हणून ती कोल्हापूरहून तडक मिरजेला नलूताईंकडे आली होती.

नलूताईंनी चाळीस वर्षं बालवाडी चालवली, एकोणीस चित्रपुस्तकं लिहिली. एकोणीसच्या एकोणीस पुस्तकांतले शब्द एका अंतर्देशीय पत्रावर मावले असते.

"प्रकाशक म्हणतात, चित्राला जागाच ठेवली नाही. अहो, चित्रकाराने पानभर म्हैस काढलीय. आणखी किती जागा हवी?"

"दाखव बघू म्हैस."

हेमांगीने पिशवीतून कच्ची प्रत काढली. वर चित्रं, खाली तिचा टाइप केलेला मजकूर कापून चिकटवलेला.

नलूताईंनी मेथी ठेवलेलं सूप बाजूला सरकवलं आणि समोर मांडी घातली.

"वाच. मी चार वर्षांची आहे."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने असं म्हटल्यावर हसावं की नाही, ते हेमांगीला कळेना. तिने चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"सायंकाळच्या सोनेरी प्रकाशात न्हाऊन निघालेल्या नितळ तळ्याच्या मधोमध, काळीभोर, तुकतुकीत चंद्री..."

"दिसत नाही."

"काय?"

"चित्र. तू आपल्याकडे धरलंयस पुस्तक. मला नुसता पुठ्ठा दिसतोय."

हेमांगीने जीभ चावली. वर्षभरात हे पुस्तक तिने शंभरदा तरी मोठ्याने वाचलं असेल. पण ते स्वतःलाच.

तिने पुस्तक फिरवलं. आता म्हैस नलूताईंकडे आणि पुठ्ठा तिच्याकडे. अक्षरं दिसावीत म्हणून ती मान वाकडी करून वरून डोकावली, तर पुस्तक कलंडलं.

"सरळ धर गं. म्हैस सांडतेय."

"मग मी वाचू कशी?"

नलूताई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या म्हशीकडे बघत होत्या.

नाहीतरी पाठ होतंच की तिला. वर्षभर घासूनपुसून लखलखीत केलेली वाक्यं ती.

"सायंकाळच्या सोनेरी... सोनेरी..."

पुढचं गेलं. तिचे कान तापले. पोरं जिची वाक्यं उतरवून घ्यायची, तिला स्वतःचंच वाक्य आठवेना. नलूताई थांबल्या होत्या. शेवटी तोंडात आलं ते तिने बोलून टाकलं.

"चंद्री तळ्यात बसली."

पान उलटलं.

"मालक आला. त्याने ओढली. चंद्री हलेना."

पान उलटलं.

"मालकीण आली. दोघांनी ओढली. चंद्री हलेना."

नलूताई पुढे सरकल्या. चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "शिंगावर बेडूक बसलाय."

"कुठे?"

हेमांगी वाकली. खरंच की, डाव्या शिंगावर एवढासा बेडूक होता. वर्षभर पुस्तक तिच्या हातात होतं आणि तिला तो कधी दिसला नव्हता. तिची नजर सदा खाली, मजकुरावर.

"सरपंच आले. तिघांनी ओढली..."

"चंद्री हलेना," नलूताईंनी तिच्या आधीच म्हणून टाकलं.

मग पोस्टमन आला, मग बँडवाले आले. दर पानाला नलूताई आधीच तयार. पुढच्या पानावर अख्खा गाव घसरून तळ्यात पडला होता. तिथे हेमांगीला बोलायची गरजच पडली नाही. नलूताई चित्राकडे बघून खुदुखुदु हसत होत्या.

तिने शेवटचं पान उलटलं. सगळा गाव गळ्यापर्यंत पाण्यात.

"चंद्री उठली. घरी गेली."

नलूताईंचे खांदे हलले. हसता हसता त्यांना ठसका लागला. त्यांनी पदराने डोळे पुसले.

हेमांगीने पुस्तक मांडीवर ठेवलं. वर्षभर छातीवर काहीतरी चढून बसलं होतं, ते कधी उतरलं हे तिलाही कळलं नाही. तिला इतकं हायसं वाटलं की तीही हसायला लागली.

"बाकीचं सगळं विसरले हो मी."

"कुठलं बाकीचं?"

मग हेमांगीला उद्याचा दिवस आठवला.

"नलूताई, प्राचार्यांना काय कळवू? मला जमेल का हे?"

नलूताईंनी पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं, आपल्याला चित्र दिसेल असं तिच्या हातात दिलं आणि पुन्हा मांडी घातली.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."