लवंगीच्या पोटात घागरभर पाणी

होड्या एकमेकींशी आणि माणसांशीही बोलत, त्या काळची गोष्ट. पावसाळाभर नारळाच्या झापांखाली बसलेली लवंगी होडी नारळी पौर्णिमेआधी धाकू मिस्त्रीच्या हाती आली. त्याने तिच्या तळाचे शिंपले खरवडले आणि मग घागरीमागून घागर पाणी तिच्याच पोटात ओतलं.

लवंगी चक्रावली. "मिस्त्रीबाबा, मी पाणी बाहेर ठेवायचं की आत?"

"बघ तर खरं," म्हणत म्हातारा तिच्या तळाशी उकिडवा बसला.

हळूहळू तळाला तीन ठिकाणी थेंब धरले. शेजारी ताज्या रंगात मिरवणारी मोरपंखी होडी फिदीफिदी हसली. "अगं बाई, चारचौघांत गळतेस? मी नाही कुणाला पाणी ओतू दिलं!"

लवंगी लाजेने चूर झाली. मिस्त्रीने मात्र प्रत्येक थेंबाशी खडूने खूण केली, पाणी उपसलं, आणि तळ वाळल्यावर त्या फटींत कापूस ठासून वर तेल चोपडलं.

पौर्णिमेला दोघी समुद्रात गेल्या. दुपारी मोरपंखी कशीबशी परतली, तेव्हा तिच्यातली माणसं डब्यांनी पाणी उपसत होती.

"तू कोरडी कशी गं?" तिने मागोमाग परतलेल्या लवंगीला विचारलं.

"मी किनाऱ्यावरच गळून घेतलं," लवंगी म्हणाली. "तिथे हसायला तू होतीस, पण बुडवायला समुद्र नव्हता."