पखवाजाची कणीक

“…मग ती नोकरी धरली, तर त्यात चुकलं काय, बुवा?”

गोदाकाठच्या त्या लहानशा मठात तिसऱ्या प्रहरच्या भजनाची तयारी चालली होती. अच्युतबुवा वीणेच्या तारा लावीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा वैजनाथ होता. मठाचे पखवाजी कैलासवासी दिगंबरराव यांचा एकुलता मुलगा. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिला आलेला, आणि आता नदीकाठच्या गवतांवर पीएच.डी.चे संशोधन करणारा. दोन वर्षे झाली होती, दोन उरली होती. वडील गेल्यापासून वसतिगृहाचे आणि खानावळीचे भागेनासे झाले होते.

“बियाण्यांच्या कंपनीचं पत्र आलंय. उद्या दुपारपर्यंत होकार कळवायचा आहे.”

“आणि गवत?”

“गवत… राहील.”

बुवांनी खुंटी किंचित पिळली. तार छेडून पाहिली.

“दुसरी वाट नाही?”

वैजनाथाने पिशवीतून चार घड्यांचा एक कागद काढला. “विद्यापीठाचा साहाय्य निधी आहे, गरजू संशोधकांसाठी. त्याचीही मुदत उद्या दुपारचीच. शिवाय विभागात आठवड्याचे काही तास काम देतात. प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायच्या, वाळवलेल्या नमुन्यांना चिठ्ठ्या लावायच्या. दोन्ही मिळून भागतं म्हणे.”

“म्हणे?”

“मी विचारलं नाही. विचारणारही नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी शिकवतो, बुवा. त्यांच्याच बाटल्या धुऊ? आणि हा रकाना पाहा. ‘मदतीची आवश्यकता का आहे?’ काय लिहायचं इथे? आमच्या बाबांनी जन्मात कुणापुढे हात पसरला नाही.”

टाळ घेऊन बसलेल्या मंडळींत कोणीतरी खाकरले. बुवांची बोटे तारेवर क्षणभर थांबली.

“तुम्ही फक्त आशीर्वाद द्या,” वैजनाथ म्हणाला. “नोकरीला.”

“देईन की. आधी भजन होऊ दे. आज पखवाजाला कुणी नाही. तू बस.”

वैजनाथाचा चेहरा उजळला. मागण्यापेक्षा देणे त्याला सोपे जात असे. त्याने खुंटीवरचा पखवाज उतरवला, गवसणी काढली आणि मांडी घातली.

पखवाजाच्या उजव्या तोंडावर शाई कायमची असते. डाव्या तोंडाला मात्र दर खेपेस ओली कणीक थापावी लागते. ती नसेल, तर ते तोंड बोलत नाही. काल कोणा नवख्याने वाजवून तशीच ठेवलेली कणीक तिथे वाळून बसली होती. वैजनाथाने तांब्यातले पाणी शिंपडून तिलाच दाबले, आणि थाप दिली.

उजवे तोंड खणखणले. डावे नुसते थपथपले. दुसऱ्या थापेला वाळल्या कणकेचे तुकडे उडून त्याच्या मांडीवर पडले.

“वैजूशेठ,” टाळकऱ्यांतले सोपानकाका म्हणाले, “पखवाज वाजवताय की पापड मोडताय?”

मंडळी हसली. वैजनाथ हसला नाही.

“कणीक वाळलीय.”

“कालची आहे,” बुवा म्हणाले.

“मग स्वयंपाकघरातून थोडं पीठ…”

“मठाचं पीठ पखवाजाला लावीत नाहीत. मागून आणतात.”

“मागून?”

“रोज. वाराप्रमाणे एका दारची एक मूठ. या गादीची रीत आहे… ठाऊक नव्हतं?”

ठाऊक नव्हते. वडील परातीत कणीक मळताना त्याने लहानपणापासून पाहिले होते. परातीत पीठ कोठून येते, हे त्याने कधी विचारले नव्हते.

“मी वाजवायला बसलो आहे, बुवा. पीठ मागायला नाही.”

“बरं.”

बुवांनी वीणा गळ्यात घेतली आणि ते उभे राहिले. चिपळ्या हातात धरल्या. वाजवल्या नाहीत. टाळकरीही उभे राहिले. समईची वात स्थिर होती. देवापुढचा हार, उगाळलेले चंदन, सारे सिद्ध होते…

“सुरू करा ना,” वैजनाथ अखेर म्हणाला.

“पखवाजावाचून?”

बुवांचे वय ऐंशीच्या पुढचे. वीणा गळ्यात घेऊन ते तसेच उभे होते आणि बसण्याचे चिन्ह दिसत नव्हते.

वैजनाथ उठला.

मठासमोरच कौसाबाईचे घर होते. ओट्यावर बसून ती मेथी निवडीत होती. अंतर इतके थोडे, की तिथले बोलणे मठात स्पष्ट ऐकू येई.

“त्याचं काय आहे मावशी, आज मठात जरा अडचण झाली. म्हणजे मला स्वतःला काही नको, बुवांनी पाठवलं म्हणून आलो. तसा मी दोन दिवसांपुरताच…”

“कोण? दिगूभाऊचा वैजू का? पखवाजाला पीठ पाहिजे न?”

“हो.”

“मग तसं म्हण की, बाबा! तुझा बाप वीस वर्सं या दाराला आला. दर बुधवारी. तिकडूनच हाक द्यायचा. ‘कौसाबाई, पीठ वाढा, आज गजर मोठा आहे!’ आधी हाक, मग हात. तू आधी कारणं सांगतोस, न् हात मागं बांधून ठेवतोस. पीठ काय तुझ्या पाठीवर घालू?”

वैजनाथाचे हात खरोखरच पाठीमागे होते.

“बाबा… मागायचे?”

“मागायचे म्हंजे? एखादा बुधवार चुकला, तर मीच जाऊन भांडायची. माझ्या घरचं पीठ काय कडू झालं का म्हणून!”

मग हळूहळू त्याने दोन्ही हात पुढे आणले आणि ओंजळ केली.

“मावशी,” तो म्हणाला, “पखवाज वाजवायचा आहे. पीठ नाही.”

“आता कसं!” कौसाबाई उठली आणि मूठभर पीठ घेऊन आली.

मठात परतल्यावर त्याने वाळलेली कणीक नखाने खरवडून काढली. नवी मळली. पहिल्यांदा ती सैल झाली, पुन्हा मळली. डाव्या तोंडावर मधोमध थापली, कडा बोटाने सारख्या केल्या, आणि थाप दिली.

नाद जमिनीतून निघाल्यासारखा घुमला. देव्हाऱ्यातली घंटा आपोआप शहारली.

बुवांच्या चिपळ्या त्याच क्षणी वाजल्या.

भजन रंगले. वैजनाथाचे हात वडिलांच्या वळणाने चालत होते. गजराच्या वेळी त्याने सहज दाराकडे पाहिले. कौसाबाई मेथीचे सूप काखेत धरून उंबऱ्यापाशी उभी होती, आणि मान डोलावीत होती. जणू तो पखवाज थोडासा तिचाही होता.

आरती झाली. रीतीप्रमाणे वैजनाथाने कणीक उतरवून गाईसाठी बाजूला ठेवली, चामडे ओल्या फडक्याने पुसले, आणि परात घेऊन तो हौदाकडे गेला. प्रसादाची ताटे-भांडीही तिथेच पडली होती. तीही त्याने घासली. कोणी सांगितले नव्हते.

“काका,” तो हौदाशी आलेल्या सोपानकाकांना म्हणाला, “प्रयोगशाळेत बाटल्या फार तर एवढ्याच असतात.”

“आणि आठवड्याचे तास किती?”

“विचारलं नाही अजून. उद्या विचारतो.”

ओले हात पुसून तो बुवांसमोर येऊन बसला. चार घड्यांचा कागद उलगडून गुडघ्यावर ठेवला. रिकाम्या रकान्यावर पेन धरले… आणि थांबला.

“बुवा, यात काय लिहू?”

“कौसाबाईला काय म्हणालास?”

वैजनाथाने बुवांकडे पाहिले. मग खाली मान घालून एका दमात लिहिले. ‘संशोधन पूर्ण करायचे आहे. साधन नाही.’ खाली सही केली. सही ठळक होती.

“कंपनीला सकाळीच नकार कळवतो,” तो म्हणाला. “आशीर्वाद तेवढा गवताला द्या.”

बुवांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. हात बराच वेळ तसाच राहिला.

वैजनाथाने कागद जपून पिशवीत ठेवला, पखवाजाला गवसणी घातली, तो खुंटीला लावला. दारापर्यंत गेला आणि वळला.

“पहाटेच्या गाडीनं निघतो, बुवा. दुपारच्या आत विद्यापीठात पोहोचलं पाहिजे. पण मग… उद्याची कणीक कोण मागणार?”

बुवा वीणेवर वस्त्र पांघरीत होते.

“तूच,” ते म्हणाले. “तिथल्या दारी. आणि आधी हाक मार.”