पडद्यावरचं काळं फडकं

"त्या ट्रंकेत काय आहे, मास्तर?"

मुजावर मास्तर मायक्रोफोनखालच्या चौकोनातली माती हातानं सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेरंबनं तेच पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात.

"तुला काय वाटतंय, काय आसंल?"

"मी विचारतोय तुम्हाला."

"व्हय. पण तुला काय वाटतंय?"

हा माणूस सरळ उत्तर द्यायचाच नाही, हेरंबनं मनाशी म्हटलं. चार महिने झाले, एकदाही दिलेलं नाही.

कोल्हापुरातल्या एका जुन्या स्टुडिओच्या मागच्या अंगाला ही खोली. समोर पडदा, मधे मायक्रोफोन, खाली जमिनीचे चौकोन पाडलेले. एकात माती, एकात वाळू, एकात शहाबादी फरशी, एकात सुका पाचोळा. सिनेमातली माणसं पडद्यावर चालतात, आणि त्यांच्या पावलांचा आवाज पुष्कळदा मागाहून अशा खोलीत भरावा लागतो. शिकलेले लोक त्याला फॉली म्हणतात. मास्तर म्हणायचे, पावलं भरणं. सत्तरी ओलांडलेल्या या माणसानं पाटलांची, पोलिसांची, नव्या नवरीची, मढं उचलून नेणाऱ्यांची, सगळ्यांची पावलं भरली होती.

हेरंब पुण्याहून रीतसर शिक्षण घेऊन आलेला. आपल्याइतका कान कुणाला नाही, अशी त्याची घमेंड होती. ती अगदीच खोटी नव्हती, म्हणून तर जास्त त्रासाची होती.

आणि आता तो अडला होता तो अकरा पावलांपाशी.

पडद्यावर एक बाई नवऱ्याचं घर सोडून निघते. मातीच्या अंगणातून दरवाजापर्यंत अकरा पावलं. बोलणं नाही, गाणं नाही, नुसती पावलं. दिग्दर्शिका घोरपडेबाईंनी तीन वेळा काम परत केलं होतं. तिन्ही वेळा एकच वाक्य, "आवाज मातीचाच आहे, पण चालतंय कोण?"

आज चार वाजता त्या शेवटचं ऐकायला येणार होत्या. पटलं नाही तर काम मुंबईला जाणार, आणि त्याबरोबर सिनेमाच्या श्रेयनामावलीच्या पाट्यांमधलं हेरंबचं नाव. त्याचं पहिलंच नाव. आईनं तर शेजारणींना सिनेमाचं आमंत्रणसुद्धा देऊन ठेवलं होतं.

मुळात बाईंनी हे काम मास्तरांना दिलं होतं. मास्तरांनी ते उचलून हेरंबच्या गळ्यात घातलं. का घातलं? आधी त्याला बरं वाटलं होतं. तिसऱ्यांदा काम परत आल्यावर मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. पोरगा तोंडावर पडला की सगळे झक मारत मास्तरांकडेच येणार, नाही का?

त्यात मागच्या आठवड्यात हेल्मेट विसरलं म्हणून तो परत आला होता. दाराच्या काचेतून त्यानं पाहिलं. मास्तर एकटेच पावलं भरत होते, आणि पडद्याचा खालचा अर्धा भाग काळ्या फडक्यानं झाकलेला होता. दार वाजताच ते फडकं खाली आलं, ट्रंकेत गेलं, कुलूप लागलं.

तेव्हापासून हेरंबला धड झोप नव्हती. या म्हाताऱ्याकडे कसल्यातरी खास वहाणा आहेत, काहीतरी युक्ती आहे, आणि हा हातचं राखून शिकवतोय, याबद्दल त्याची खात्रीच पटली होती.

"मला वाटतं, तुम्ही लपवताय," तो म्हणाला. "तुमच्या चपला. तुमची युक्ती. जे असेल ते."

मास्तरांनी हात झटकले. बंडीच्या खिशातून किल्ली काढून त्याच्याकडे फेकली.

"उघड की मग."

हेरंबनं ट्रंक उघडली. टॉवेलात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. एक जुना चष्मा. घडी घातलेलं काळं फडकं. बस्स.

त्यानं बरणी बाहेर काढली, टॉवेल झटकला, मग ट्रंकेच्या तळावर बोटांनी वाजवून पाहिलं.

"जोरात ठोक," मास्तर म्हणाले. "सोन्याच्या वहाणा निघतील."

"लोणच्याला कुलूप?"

"तुझ्या आधी चार पोरं शिकून गेली. चौघांनी मिळून तीन बरण्या फस्त केल्या."

हेरंबला हसू आलं नाही. किल्ली इतक्या सहज दिली म्हणजे माल आधीच हलवला असणार.

"मग चपला कुठायत? तुम्ही बायकांची पावलं भरता त्या?"

मास्तरांनी त्याच्या पायांकडे बोट केलं. कामाला उभं राहताना कोपऱ्यातून तो रोज ज्या उचलायचा, त्याच झिजलेल्या कोल्हापुरी त्याच्या पायांत होत्या.

"याच?"

"याच."

"आणि हे फडकं?"

मास्तरांनी हेडफोन उचलला.

"चार महिन्यांत मला एकदाही दाखवलं नाहीत तुम्ही. का?"

"दाखवलं आसतं तर तू फडक्याकडंच बघत बसला आसतास." त्यांनी कानावर हेडफोन चढवला आणि यंत्रापाशी बसले. "लाव आता."

हेरंबनं फडकं पडद्यावर टांगलं. बाई कमरेपासून खाली नाहीशी झाली.

"पाय दिसत नाहीत, मास्तर."

"व्हय."

"मग जुळवू कशाशी?"

मास्तरांनी बटण दाबलं. चित्र सुरू झालं.

हेरंब मातीच्या चौकोनात उभा राहिला आणि अंदाजानं चालला. बाई दरवाजापाशी थांबली तरी याची तीन पावलं उरलेली होती. सगळा बट्ट्याबोळ. आधीचं निदान जुळत तरी होतं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. हेरंबचं डोकं फिरलं.

"तुम्हाला माझं नाव येऊच द्यायचं नाहीये," तो म्हणाला. "सरळ सांगा ना. मी परत पुण्याला जातो. पण हे असं आंधळ्यासारखं नाचवू नका मला."

मास्तरांनी हेडफोन काढला, त्याच्याकडे नीट पाहिलं. हेरंबनं नजर वळवली. तोंडातून गेलं त्याची त्याला लगेच लाज वाटली होती, पण शब्द मागे घ्यायलाही तो तयार नव्हता.

"परत चाल," मास्तर म्हणाले.

दुसऱ्यांदाही फसलं. तिसऱ्यांदाही.

चौथ्या खेपेला हेरंब चाललाच नाही. रागानं तसाच उभा राहिला आणि पाहत राहिला. पाहण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यानं बाईकडे पाहिलं.

तिचा डावा खांदा जरा वर होता. त्या हातात गाठोडं होतं, आता फडक्याआड गेलेलं. प्रत्येक पावलाला आधी तो खांदा खाली यायचा, मग मान. सहाव्या पावलापर्यंत तो भरभर हलत होता. सातव्याला मंदावला. नवव्याला जेमतेम हलला...

ही बाई रागानं निघालेली नाही. आतून कुणी हाक मारतंय का, हे ती ऐकतेय.

कुणी मारत नाही.

इतके दिवस हा सीन रोज पाहून त्याला हे कळलं नव्हतं.

"परत लावा," तो म्हणाला.

या खेपेला तो चालला. खांदा खाली यायला लागला की त्याचा पाय आपोआप निघत होता. नवव्या पावलाला टाच टेकली आणि पंजा टेकायला वेळ लागला. तसं त्यानं ठरवलं नव्हतं. अकरावं पाऊल पडलं आणि तो थांबला. बाईही थांबली होती.

मास्तरांनी उठून फडकं काढलं आणि चित्र पुन्हा लावलं, आवाजासकट.

पाऊल न पाऊल जुळलं होतं. आजवर तिचा पाय टेकताना दिसायचा, मग याचा टेकायचा, आणि तेवढ्यात काहीतरी निसटायचं. आता ते निसटत नव्हतं. अंगणातून एक बाई चालत होती.

घोरपडेबाई बरोबर चारला आल्या. उभ्यानंच त्यांनी सीन पाहिला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा लावायला सांगितला.

बाईंनी पर्समधून डायरी काढली.

"पाट्यांमध्ये काय घालायचं? नुसतं हेरंब, की आडनावासकट?"

"आडनावासकट," तो कसाबसा म्हणाला.

त्यांनी लिहून घेतलं आणि गेल्या. त्यांच्या गाडीचा आवाज फाटकाबाहेर जाईपर्यंत हेरंब जागचा हलला नाही. आनंदानं रडूच यायचं बाकी होतं. मास्तरांच्या पाया पडावं असंही त्याच्या मनात आलं.

पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा मुक्काम लांबवतो. हेरंबनं ते फडकं उचललं, उलटसुलट केलं, दिव्यासमोर धरलं. साधं मांजरपाट, काळं रंगवलेलं. कुठे भोक नाही, खूण नाही.

"मास्तर..."

मास्तर यंत्राची बटणं एकेक करून बंद करत होते.

"मघाशी बोललो त्याबद्दल माफ करा. पण आता तरी खरं सांगा. मला तिचे पाय दिसतच नव्हते. मग जुळले कसे?"

मास्तरांनी शेवटचं बटण बंद केलं. हेरंबच्या पायांतल्या चपलांसाठी हात पुढे केला.

"तिचं ध्यान तरी कुठं पायांकडं हुतं?"