उताराला पळणारी थंडी

माणदेशातल्या एका गावात वसुमती नावाची एक पशुवैद्य राहत असे. तिचे शिक्षण मोठे होते, हात हलका होता, आणि स्वभाव असा, की मोजल्याशिवाय ती दुधाला विरजणही लावत नसे. गावातले मेंढपाळ तिला डॉक्टरीणबाई म्हणत.

दिवाळी सरली की हे मेंढपाळ आपले कळप घेऊन हिरव्या मुलखाकडे निघत आणि जेठात परतत. वाटेत कोवळे, लुसलुशीत गवत लागले की कोकरे अधाशासारखी खात, आणि नेमका तेव्हाच आंत्रविषार नावाचा रोग त्यांना गाठत असे. संध्याकाळी उड्या मारणारे कोकरू सकाळी उठत नसे. या रोगावर लस होती, परंतु ती दोनदा टोचावी लागे. पहिली सुई गावात देता येई. दुसरी तीन आठवड्यांनी द्यायची, आणि तोवर कळप कुठल्या कुठे गेलेले असत. शिवाय ही लस मोठी नाजूक. दोन ते आठ अंश एवढ्याच गारव्यात तिचा गुण टिकतो. तापली तर ती निकामी, आणि गोठली तरीही निकामीच.

मागच्या वर्षी वसुमतीने दुसऱ्या सुईची लस बर्फाच्या डब्यातून कळपामागे धाडली. डबा पोहोचेपर्यंत बर्फाचे पाणी झाले, आणि ते पाणीही कोमट झाले. हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. सुई टोचूनही अठरा कोकरे दगावली.

ती कोकरे बनाबाईची होती. बनाबाई ही मेंढपाळांतली वडीलधारी बाई. सारा गाव तिला बनामावशी म्हणे. तिने वसुमतीला शिव्याशाप दिले नाहीत. ती एवढेच म्हणाली, "मरायचीच व्हती, तर सुईविना मेली असती. निदान दुखलं तरी नसतं."

हे वाक्य वसुमतीच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखे रुतले. यंदाही कोकरे गेली, तर मेंढपाळ पुन्हा कधी सुई कळपाजवळ येऊ देणार नाहीत, हे तिला लख्ख दिसत होते. म्हणून तिने निश्चय केला, की यंदा लस धाडायची नाही. लसीला घेऊन आपणच जायचे.

मंडपवाल्याकडे एक जुनी बंदिस्त ट्रॉली पडून होती. ती वसुमतीने घेतली आणि इस्माईल मिस्त्रींच्या हाती सोपवली. मिस्त्रींनी तिचे फिरते घर केले. आत निजायला फळी, स्वयंपाकाला ओटा, औषधांना कप्पे, छतावर उन्हापासून वीज तयार करणारी सौरपाटी आणि फळीखाली बारा व्होल्टची बॅटरी. जीपमागे ही ट्रॉली जोडली, की घर चालू लागे. आता एकच गोष्ट उरली होती, आणि सारा खटाटोप तिच्यासाठीच होता. ती म्हणजे फ्रीज.

"घरातलाच उचलून ठेवू का?" वसुमतीने विचारले.

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. "बाई, घरातला फ्रीज घरातलीच वीज मागतो. मग बॅटरी आणि फ्रीज यांच्यामध्ये इन्व्हर्टर बसवावा लागेल. आणि तो पडला दलाल. थोडी वीज आधी आपणच खाणार, उरलेली पुढे देणार. त्यापेक्षा बॅटरीवर सरळ चालणारा, कमी व्होल्टचाच फ्रीज आणा."

वसुमतीने आकडे मांडून पाहिले. मिस्त्रींचे म्हणणे खरे निघाले. तालुक्याच्या दुकानात तसे दोन फ्रीज होते. एक कपाटासारखा उभा होता. समोर दार, दाराला काच, आत दिवा आणि तीन सुबक फळ्या. दुसरा होता आडव्या पेटीसारखा, वरून झाकण उघडायचा, दिसायला अगदी धान्याच्या कणगीचा चुलतभाऊ. दोघांच्याही कागदावर विजेचा खर्च जवळजवळ सारखाच छापलेला होता. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "दोन्ही घेऊन जा. आठवडाभर वापरा. नको असेल तो परत आणा."

परंतु वसुमतीचे मन कपाटावर आधीच बसले होते. कोणती लस कोणत्या फळीवर, हे तिने कागदावर आखूनही टाकले होते. ट्रॉली म्हणजे आपला दवाखाना. तो दवाखान्यासारखा दिसला पाहिजे, असे तिला वाटे. तिने मिस्त्रींकडून कपाटाच्या मापाची चौकट कापून घेतली. पेटी ट्रॉलीच्या एका कोपऱ्यात पडून राहिली.

कळप निघायला चार दिवस उरले होते. फिरते घर पाहायला माणसांची रीघ लागली. त्यांत बनामावशीही आली. अनवाणी पायांनी ती पायरी चढली आणि कपाटापुढे उभी राहिली. वसुमतीने मोठ्या कौतुकाने दार उघडले. दिवा लागला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बनामावशीने मात्र फळ्यांकडे पाहिलेच नाही. ती आपल्या पायांकडे पाहत होती.

"अगं बाय!" ती म्हणाली. "थंडी तर समदी माझ्या पायावर सांडली."

लोक हसले. मावशी हसली नाही. "हसताय काय? थंडीच्या दिसांत आमी मेंढरांची वाघर कधी खोलगट जागी लावत न्हाय. थंडी पाण्यावानी असती. उताराला पळती अन् खळग्यात साचती. पाणी ठिवायला कुणी हंड्याला बाजूनं भोक पाडतं का, लेकी?"

वाघर म्हणजे मुक्कामाच्या जागी मेंढ्यांभोवती लावायची जाळी. ती कोठे लावावी हे मावशीला कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते. साठ हिवाळ्यांनी शिकवले होते. पण चारचौघांत आपली निवड चुकीची ठरते आहे, हे वसुमतीला झोंबले. ती म्हणाली, "मावशी, माळाचं गणित वेगळं आणि यंत्राचं वेगळं. यंत्र पुन्हा गार करतं सगळं."

"आसंल बाई," मावशी म्हणाली. "तुझं यंत्र, तुझी सुई. कोकरं तेवढी माझी." आणि ती पायरी उतरून निघून गेली.

लोक पांगले. मिस्त्री रंधा मारू लागले. वसुमती मात्र उघड्या दारापुढे तशीच उभी राहिली. आपण मावशीला उत्तर दिले खरे, पण ते उत्तर आपण तपासले कुठे आहे? मावशीचे म्हणणे चुकीचे आहे असे आपण सिद्ध केलेले नाही. केवळ मोठ्या आवाजात म्हटले आहे. या विचाराने तिला स्वतःचीच लाज वाटली. मग तिने पायांतल्या चपला काढल्या आणि दार पुन्हा उघडले. गार झुळूक तिच्या बोटांवरून सरपटत पायरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती मेंढपाळांच्या तळावर गेली. "मावशी, काल मी न तपासता बोलले," ती म्हणाली. "चुकलं माझं. आज तपासायचं आहे. तुम्ही याल का?"

मावशीने तिच्याकडे निरखून पाहिले. "चूक झाली म्हणायला सूर्य उगवायच्या आत आलीस. येते की!"

मग ट्रॉलीजवळ एक मजेदार परीक्षा मांडली गेली. वसुमतीने लसीच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरले आणि दोन्ही फ्रीजमध्ये सारख्याच ठेवल्या. प्रत्येकात एक तापमापक ठेवला. प्रत्येकाला सारखीच, पूर्ण भरलेली बॅटरी जोडली. लस टोचण्याच्या दिवशी फ्रीज साधारण चाळीसदा उघडावा लागे, म्हणून दोन्ही चाळीसदा उघडायचे ठरले. कपाटाचे दार उघडायला मिस्त्री बसले, पेटीचे झाकण उघडायला मावशी. प्रत्येक खेपेला एकेक खडा बाजूला पडे.

"मिस्त्री, दार लवकर लावा की! माशी आत बसली म्हणून तिला चहा देताय का?" मावशी ओरडे.

"मावशी, तुमच्या पेटीला मधूनमधून हाक मारा. झोपली असेल," मिस्त्री उलट सुनावत.

दुपारी ऊन तापले. तळावरच्या बायका, पोरे, म्हातारे सगळे भोवती जमले आणि जत्रेसारखी मजा आली. संध्याकाळी चाळिसावा खडा पडला आणि वसुमतीने तापमापक काढले. कपाट तेरा अंशांवर गेले होते आणि त्याची बॅटरी धापा टाकत होती. पेटी सहा अंशांवर निवांत होती. कपाटाचे दार उघडले की आतला गारवा दर वेळी बाहेर ओघळून जाई. पेटीतला गारवा मात्र हंड्यातल्या पाण्यासारखा जागच्या जागी राही.

ट्रॉलीभोवती एकच हशा आणि टाळ्या झाल्या. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, पण मी कापलेली चौकट? ती काय आता शिवून देऊ?"

"तिथं माझे कपडे ठेवीन," वसुमती हसून म्हणाली. "दवाखाना दिसायला नाही, चालायला हवा."

मावशीचा चेहरा फुलला होता. ती म्हणाली, "आता ऐक. थंडी तळाला साचती. तवा लस अगदी तळाला ठिव. तिथं ती झ्याक ऱ्हाईल."

कोणालाही वाटले असते, की मावशी एकदा बरोबर ठरली, आता तिचा शब्द तसाच उचलावा. वसुमतीने मान हलवली आणि म्हणाली, "ठेवून पाहते." रात्रभर तिने पाण्याच्या बाटल्या तळाशी राहू दिल्या. सकाळी पाहते तो काय, सगळ्यांत खालच्या बाटलीत बर्फाच्या सुया तरंगत होत्या. तापमापक शून्याच्याही खाली उतरला होता. आत खरी लस असती तर ती गोठून वाया गेली असती, आणि वरून कोणाला कळलेही नसते.

तिने ती बाटली मावशीच्या हातात ठेवली. मावशीला आता राग येतो की काय, म्हणून मिस्त्री धास्तावले. मावशीने बाटली उजेडात धरली, हलवली, आणि ती खदखदून हसली. "म्हंजे मी बी अर्धीच शहाणी! अगं, थंडीत कोकरू आमी उघड्या भुईवर कधी ठिवत न्हाय. खाली घोंगडं घालतो. मग हितंच कसं इसरले?" तिने खांद्यावरच्या जुन्या घोंगड्याची एक पट्टी फाडली आणि चार घड्या घालून पेटीच्या तळाशी अंथरली.

"आता ह्ये बी मोज," ती म्हणाली.

वसुमतीने तेही मोजले. घोंगड्यावरच्या बाटल्या रात्रभर चार अंशांवर राहिल्या. तेव्हा कुठे तिने खरी लस पेटीत ठेवली.

ठरल्या दिवशी गावातली पहिली सुई देऊन कळप निघाले. त्यांच्यामागे जीप आणि जीपमागे फिरते घर निघाले. आपल्या हातचे काम वाटेत खडखडले तर, अशी सबब सांगून इस्माईल मिस्त्रीही जीपमध्ये चढून बसले. खरे तर त्यांना डोंगर पाहायचे होते.

तीन आठवड्यांनी कळप घाटाच्या पायथ्याशी पोहोचले. दुसऱ्या सुईच्या आदल्या दिवसापासून आभाळ भरून आले. छतावरच्या पाटीला ऊन मिळेना. वसुमती घटकेघटकेला तापमापक पाहू लागली. काटा पाच अंशांवरून सरकला नाही. भर दुपारी लसीकरण सुरू झाले. मावशी कोकरू पकडून देई, मिस्त्री ते मांडीवर धरत, वसुमती सुई देई. एका कोकराने मिस्त्रींच्या धुतलेल्या लेंग्यावर मनसोक्त मुतून घेतले.

"मिस्त्री, दान पावलं म्हना," मावशी म्हणाली. तळ हसून लोटपोट झाला. सूर्य मावळायच्या आत शेवटचे कोकरू टोचून झाले.

त्यानंतर कळप हिरव्या रानात उतरले. गवत गुडघाभर आणि कोवळे. कोकरांनी त्यात तोंड घातले ते वर काढीनात. वसुमतीचा जीव टांगणीला लागला. सुईचा गुण अंगी भिनायला काही दिवस लागतात, हे ती जाणून होती. पहिला दिवस गेला. तिसरा गेला. आठवडा लोटला. रोज पहाटे मावशी वाघर उघडून कोकरे मोजी, आणि रोज सगळी भरत. पंधराव्या सकाळी वाघर उघडली तेव्हा कोकरे उभ्या उभ्या चारही पायांवर उडत बाहेर पडली. त्यांतले एक तर थेट वसुमतीच्या पाठीवर आदळले आणि ती गवतात बसली ती हसतच.

मावशीने हात देऊन तिला उठवले. "काय गं डॉक्टरीणबाई, फुडल्या वर्साला काय आणायचं असंल तर कुणाला इचारशील?"

"तुम्हाला," वसुमती म्हणाली. मग थोडी अडखळली. "पण मावशी, खरं सांगते, विचारल्यावर मी ते मोजून पाहीन. राग मानू नका."

"राग?" मावशीने कळपाकडे हात केला. "ह्यास्नी मी जल्मल्यापासून रोज मोजते. अजून एक बी मेंढरू माझ्यावर रुसलं न्हाय."

तात्पर्य: अनुभवाचा बोल कोणाच्याही तोंडून आला तरी आदराने ऐकावा, आणि ऐकलेला बोल स्वतः पडताळून मगच वापरावा, कारण विचारल्याने कोणी लहान होत नाही, आणि पडताळल्याने कोणाचा अपमान होत नाही.