पुढे केलेला कान

घाटाला अजून नावही पडलं नव्हतं, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. त्या घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. लहान मुलांनो, तुम्ही ती कहाणी म्हणून ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जपूनच ऐका.

त्या गावची एक रीत होती. पाडव्याच्या दिवशी मिठाच्या बैलांचा तांडा गावात उतरायचा आणि उन्हं कलली की घाट चढायचा. सात वर्षांची झालेली मुलं त्याच्याबरोबर पलीकडच्या विणकरवस्तीत जायची, हातमाग शिकायला. ती परतायची थेट पुढच्या पाडव्याला. निघण्याआधी आई मुलाच्या कानात एकच वाक्य सांगे. त्याला म्हणत वर्षाचा शब्द. तो आईनंच सांगायचा, गुढी उतरायच्या आत सांगायचा आणि एकदा सांगितला की बदलायचा नाही.

गावातल्या एका तरुण आईची लेक त्या वर्षी जायची होती.

ही आई माहेरी पोथ्या वाचायला शिकलेली. त्याचा तिला फायदा झाला असं म्हणवत नाही. बाकीच्या बायांना एक वाक्य सुचलं की सुचलं. हिला प्रत्येक वाक्याची उलट बाजूही दिसायची. पोरीला धीट हो म्हणावं, तर ती विहिरीच्या काठावर चढेल. जपून राहा म्हणावं, तर जन्मभर कोपऱ्यात बसेल.

सकाळी लेकीला कडुनिंब आणि गूळ भरवताना तिच्या मनात आपसूक एक वाक्य आलं. भीती वाटली की मला हाक मार.

लेकीनं केस कानामागे सारले आणि कान पुढे केला. "सांग ना, आई."

आईचे ओठ हललेसुद्धा. पण लगेच तिला वाटलं, हे काय शहाणपण झालं? घाटापलीकडून हाक ऐकू कशी येणार? वर्षभर पुरायचा शब्द आणि तो असा खुळा? लोक हसतील, शिकलेल्या बाईनं हे दिलं म्हणून.

"थांब हं," ती म्हणाली, "चांगला शोधून आणते."

शेजारच्या काकू अंगणात गाठीची माळ सोडवत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो बाई, तू पोथी वाचणारी, आणि मला विचारतेस? सांग तिला, कुणावर विश्वास टाकू नकोस. माझ्या थोरल्याला तेच सांगितलं होतं."

"मग? कसा आहे थोरला?"

"कसला? घरात पाणीसुद्धा माझ्या हातचं हुंगून पितो मेला!"

पारावरचे आजोबा म्हणाले, "सगळ्यांवर विश्वास ठेव, म्हणावं."

"आणि कुणी फसवलं तर, आजोबा?"

"तर फसायचं. मी काय कमी फसलोय?"

आई घरी आली. लेक उंबऱ्यावर उभी होती, एका हातानं केस कानामागे धरून. "मिळाला?"

"मिळेल हं, बाळा. अजून गुढी वर आहे."

टेकडीवरच्या देवळात एक म्हातारी जोगीण राहायची. तिच्या तोंडून वावगा शब्द गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आई धापा टाकत टेकडी चढली, तर जोगीण भिंतीला टेकून झोपलेली. मोठ्या माणसाला उठवावं कसं? आई खांबाशी बसून राहिली. सावली सरकत गेली. खाली बैलांच्या गळ्यात घंटा बांधल्याचा आवाज येऊ लागला, तरी ती संकोचानं बसूनच.

जोगिणीनं डोळे उघडले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोर कुठंय?"

"घरी आहे, माई."

"मग कान तिकडे ठेवून तोंड घेऊन इकडे कशाला आलीस?"

आई उठली आणि पळत सुटली. काट्यात पदर फाटला, एक वहाण टेकडीवरच राहिली. गावात पोचली तेव्हा घाटाच्या वळणावर नुसती धूळ होती.

नवरा अंगणात उतरवलेली गुढी धरून उभा होता. "किती वेळ काढायचा मी?" तो म्हणाला. "कलश काढला, पुसला, वस्त्राच्या दहादा घड्या केल्या. तांड्याचा नायक म्हणाला, दादा, बैल एकदा उठले की थांबत नाहीत."

"तुम्ही तरी काहीतरी सांगायचं तिला!"

"वाकलो होतो. तर म्हणाली, बाबा, हा कान आईचा आहे."

त्या वर्षी ती आई रोज दिवेलागणीला घाटाकडे तोंड करून उभी राहायची आणि तेच खुळं वाक्य म्हणायची. वारा गावाकडेच वाहायचा.

पुढचा पाडवा आला. तांडा उतरला. लेक उंच झाली होती, बोटांना माग ओढून घट्टे पडले होते. केस घट्ट विंचरून तिनं कानांवरून बांधले होते. आईनं वेशीतच तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "भीती वाटली की मला हाक मार."

लेकीनं पाहुण्याचं ऐकावं तसं शांतपणे ऐकलं.

"पावसाळ्यात मला ताप आला होता, आई," ती म्हणाली. "कुणी आजारी पडलं की तिथली मुलं रात्री आपापला शब्द म्हणायची. मला विचारलं, तुझा कुठला? मी म्हटलं, माझ्या आईला सांगण्यासारखं काही सुचलं नाही."

"सुचलं होतं गं! हेच सुचलं होतं, सकाळीच!"

"मग सांगायचंस ना," लेक म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आईला बरं वाटलं असतं.

"आता तुला भीती वाटत नाही?"

"वाटते. हाक मारायची सवय गेली."

त्याच आठवड्यात लेकीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. परसात दगडावर बसून, दात आवळून तिनं तो एकटीनं काढला. आई दारातच होती, हाकेच्या अंतरावर. ती वाट पाहत राहिली. लेकीनं रक्त पुसलं, पाय झटकला आणि तिच्या अंगावरून आत निघून गेली.

पुढे लेक घरीच राहिली, तरी आईनं दर पाडव्याला वेळेवर शब्द सांगितला. लेक मान डोलवायची. पण त्या घरात "आई गं" अशी हाक पुन्हा कधी उमटली नाही.

तात्पर्य: नव्या वर्षाच्या वाटेला लागणाऱ्याला शहाणा शब्द शोधत ताटकळत ठेवू नये, मनात आलेला मायेचा शब्द वेळेवर द्यावा, वाट पाहून दमलेला कान पुन्हा पुढे होत नाही.