तुटकाईच्या मानेची जागा

तळ्यात उतरायचं तर चपला काठावर काढा आणि पाय जपून टाका, शेवाळ आहे. मधल्या दगडी कट्ट्यावर बसली आहे ती आमची तुटकाई. नीट बघा, तिची मान डावीकडे वळलेली आहे, खिंडीच्या वाटेकडे. आता गळ्यातली माळ बघा. लाल काचमणी, केसासारख्या पितळी तारेत ओवलेले. मागे मानेखाली एका मण्याएवढी तार उघडी दिसते. तिथला मणी पडला नाही आणि कुणी चोरलाही नाही. ती जागा सोडलेली आहे.

हे मी आधीच सांगून ठेवतो. काठावरच्या दुकानांतून माळा घेतलेली माणसं वर्षानुवर्षं माझ्याकडेच भांडायला येतात. "बाबा, एक मणी कमी दिलाय." किती वेळा समजावून सांगायचं! मागच्या चैत्रात एका बाईंनी तर ती जागा डिंकाने भरून घेतली. माझ्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, बाई, तुटेल हो. त्या हसल्या आणि गाडीत बसल्या. असो. तुम्ही बसा, सांगतो.

पूर्वी म्हणे ही मूर्ती सरळ समोर बघत होती. गावात पटवेकऱ्यांचं एकच घर होतं. दागिने गाठवायचे, माळा ओवायच्या, हा त्यांचा धंदा. चैत्रातल्या जत्रेला देवीची नवी माळ त्यांच्याच घरून यायची. घरात साळूबाई नावाची म्हातारी आणि तिची सून येसा. म्हातारीचे डोळे गेले होते, पण बोटं शाबूत होती. येसाने ओवलेली माळ ती बोटांखालून सरकवत न्यायची. कुठे एक मणी जरासा हलला की कात्री घालायची.

"पोकळ!" म्हणायची. "आपल्या घरचं काम पोकळ? मण्याला मणी भिडला पायजे. वढ अजून!"

आणि येसा ओढायची.

माळ दिसायची देखणी, पण देवीच्या गळ्यात टिकायची नाही. आरती सुरू झाली की तटकन तुटायची आणि मणी तळ्यात जायचे. दर जत्रेला हेच. रेशमाचा दोरा पाण्याने कुजतो म्हणून येसाने तार घेतली. तीही तुटली. तार दुहेरी केली, तर मण्याच्या भोकातून जाईना. निखाऱ्यावर लाल करून नरम केली, तर ओढताना लांबली आणि मधेच बारीक होऊन मोडली. टोकं उघडी राहतात म्हणून ती शेवटच्या मण्यांतून उलटी ओवून घेतली. टोकं टिकली, माळ मधून तुटली. काय करावं माणसाने?

तुटलेली माळ म्हणजे अपशकुन. कुणाची म्हैस मेली की बोट पटवेकऱ्यांच्या घराकडे, कुणाचं पोर तापलं की तिकडेच. शेवटी नरहर गुरवाने चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "येसा, यंदा माळ तुटली तर तुमचं घर या गावात नाही. गाडी जुंपायची आणि निघायचं."

साळूबाई तेवढंच बोलली, "ऐकलंस? आता तरी घट्ट वढ."

जत्रेच्या आदल्या दिवशी येसा तळ्याच्या पायरीवर ओवायला बसली होती. हाती तारेचा शेवटचा तुकडा, देवीच्या गळ्याच्या मापाने कापलेला. बारीक तारेचा एक स्वभाव असतो. तिला मधेच फास पडतो. फास दिसला की थांबायचं, बोटाने उलगडायचा, मग पुढे जायचं. पण वैतागलेलं माणूस थांबत नाही, ओढतं, आणि फासाच्या जागी तार मोडते. येसाच्या तारेला त्या दिवशी एकसारखे फास पडत होते. एक उलगडावा तो दुसरा. निम्मी माळ झाली आणि हात घसरून सगळे मणी मांडीत सांडले. पुन्हा ओवली. पुन्हा सांडले.

तेव्हा असं सांगतात की ती उठली, ओंजळभर मणी घेतले आणि देवीच्या अंगावर फेकले.

"घालायची हाय का न्हाई, एकदा सांग तरी!" ती ओरडली. "तोडायचीच असंल तर मला ववाया कशाला लावतीस? तिकडं घरात एक आंधळी, हितं पाण्यात एक मुकी! दोघींत माझा जीव गेला!"

काठावर बाया धुणं धूत होत्या. एक हळूच म्हणाली, "अगं, देवी हाय ती." येसा म्हणाली, "मग तिनंच ववावी."

पण घर जाणार होतं. देवीला रागावून घर वाचत नाही. येसा रडत रडत पाण्यात उतरली आणि चिखलात चाचपून मणी वेचू लागली. सगळे सापडले, एक सापडेना. तळ ढवळला, शेवाळ उपसलं. नाहीच. तसा मणी घरात दुसरा नव्हता. तार आखडावी तर माळ गळ्याला पुरणार नाही. मग तिने आहेत तेवढेच मणी ओवले आणि ती रिकामी जागा मागे, मानेखाली जाईल असं बघितलं. म्हातारीच्या बोटांना माळ लागू दिली नाही. "गुरव घेऊन गेला," असं खोटंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गावाने आरती धरली. सगळ्यांचे डोळे माळेवर. घराबाहेर बैलगाडी भरून तयार होती म्हणे. आरती निम्मी झाली आणि माळ हलली. मणी एकामागोमाग त्या रिकाम्या जागेकडे सरकले. येसाने डोळे मिटून घेतले. तटकन आवाज आला नाही. आला तो नरहर गुरवाचा. "आई गं! मान बघा, मान!"

देवीने मान वळवली होती. खिंडीकडे. आमच्या गावात नांदायला येणारी प्रत्येक पोर त्या खिंडीतून येते, देवीही तिकडूनच आली असं म्हणतात. दर जत्रेला बिचारी एकदा मागे वळून बघायचं म्हणत होती, आणि दर वेळी माळ आडवी येत होती. तोडल्याशिवाय तिला वळताच येत नव्हतं.

गुरवाने येसाचे पाय धरले, बैल सोडले. पण गोष्ट तिथे संपत नाही. साळूबाई हट्टाने पाण्यात आली. "मला माळ लागू दे," म्हणाली. देवीच्या गळ्याभोवती तिने बोटं फिरवली. पुढून मागे आली आणि त्या जागेवर थांबली. येसाला वाटलं, आता म्हणणार, पोकळ. म्हातारीने दगडाची वळलेली मान चाचपली, हनुवटीपर्यंत. मग हात लांब करून येसाचा गळा शोधला. लग्नात तिनेच ओवलेली काळ्या मण्यांची पोत होती तिथे. मण्याला मणी भिडलेला.

"तुझीबी घट्टच ववली व्हती गं मी," साळूबाई म्हणाली. "कवापास्नं म्हायेराकडं बघितलं न्हाईस?"

म्हातारीने तिथेच, कमरेएवढ्या पाण्यात, पोत सोडली, एक मणी काढून तळ्यात टाकला आणि आंधळ्या बोटांनी पुन्हा बांधली.

त्या दिवसापासून तळ्याच्या गावात एक मणी कमीच ओवतात. त्या जागेला मानेची जागा म्हणतात. आता डिंकवाल्या बाईंना हे सगळं सांगायला उसंत कुठे होती? आणि माझं बोलणं हे असं, मंद बैलासारखं.

आजही आमच्याकडे नवी सून आली की तिला आधी इथे आणतात. सासू तिची पोत धरून मणी सरकवून बघते आणि विचारते, "मान वळते का गं?" पोरगी खिंडीकडे वळून बघते. तिला हवा तितका वेळ बघते. तोवर वऱ्हाड उन्हात उभं असतं, वाजंत्री थांबलेले असतात, आणि चल म्हणायचा अधिकार कुणालाच नसतो.